थेट द्वितीय वर्ष

भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढे चाकण या औद्योगिक पट्ट्यात ज्या घरांतून दहावीनंतर मुलाला किंवा मुलीला अकरावीला न घालता तंत्रनिकेतनात घातले जाते, त्या घरांत तीन वर्षांनी, बहुधा आषाढ-श्रावणाच्या सुमारास, एक प्रश्न हटकून उभा राहतो: पदविका तर हाती आली, आता पदवीसाठी कोणते महाविद्यालय गाठावे? बारावीनंतर अभियांत्रिकीला जाणाऱ्यांसाठी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात, शिकवणीवर्गांचे फलक चौकाचौकांत झळकतात. परंतु पदविकेच्या वाटेने येऊन एकदम दुसऱ्या वर्षात बसणाऱ्या विद्यार्थ्याची, ज्याला बोलण्यात सर्वत्र ‘डीएसई’वाला म्हणतात त्याची, चिंता वाहणारे फारसे कोणी नसते, आणि म्हणून त्याचा निर्णय पुष्कळदा एखाद्या मित्राच्या सांगण्यावरून, नाहीतर मागील वर्षीच्या कटऑफची यादी पाहून, एका रात्रीत उरकला जातो.

या पट्ट्यात पदविकेला जी प्रतिष्ठा आहे तिच्यामागे येथील कारखानदारीचा इतिहास आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्या दशकात टेल्को व बजाज यांचे विस्तीर्ण कारखाने व त्यांच्या आश्रयाने वाढलेली शेकडो लहान वर्कशॉपे यांनी मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांची माळराने व्यापून टाकली. पुढे १९९९ साली बजाजने चाकणला कारखाना काढला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ-बेंझ तेथे आल्या, आणि जे चाकण फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या किल्ल्यासाठी व कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक होते ते मोटारींचे गाव झाले. या साऱ्यांना नकाशा वाचणारा, मापन अचूक घेणारा, आणि कामगार व अभियंता या दोघांचीही भाषा समजणारा मधला माणूस हवा होता. तो त्यांना गणेशखिंडीतील १९५७ सालच्या शासकीय तंत्रनिकेतनाने दिला, आणि १९९० नंतर निगडीच्या पिंपरी चिंचवड पॉलिटेक्निकसारख्या खासगी संस्थांनीही दिला. बापाने लाइनवर ऑपरेटर म्हणून आयुष्य काढले, तर मुलाने निदान सुपरवायझर व्हावे, ही पहिल्या पिढीची आकांक्षा होती. आता ती तेवढ्यावर थांबत नाही, कारण डीईटी म्हणजे पदविकाधारक प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालेला आणि जीईटी म्हणजे पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालेला असे दोघे वर्गमित्र एकाच शॉपमध्ये शेजारी शेजारी उभे असले तरी दोघांच्या पगारपत्रकांतील अंतर पहिल्याच महिन्यात कळून येते.

परदेशात याच जातीचा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे येतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली जे कनिष्ठ महाविद्यालय निघाले, त्यापासून ‘कम्युनिटी कॉलेज’ या संस्थेचा सार्वजनिक इतिहास मोजतात: स्वस्त शुल्कात घराजवळ दोन वर्षे शिकावे आणि उरलेली दोन विद्यापीठात पुरी करावीत, अशी ती व्यवस्था आहे. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना ती चांगली परिचित असते, आणि ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह वॉझनियाक हे क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजातून बर्कलीच्या विद्यापीठात गेले होते ही गोष्टही तेथे आवर्जून सांगितली जाते. त्या राज्यात कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या विद्यापीठात ग्राह्य धरला जाईल याचे तक्ते आधीच प्रसिद्ध असतात, त्यामुळे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून त्या तक्त्याबरहुकूम विषय घेऊ शकतो. आपल्याकडे विषयवार हिशेब होत नाही. तीन वर्षांची अख्खी पदविका पदवीच्या पहिल्या वर्षाच्या ऐवजी धरली जाते आणि विद्यार्थी एकदम दुसऱ्या वर्षात बसतो. ही पद्धत ढोबळ आहे खरी, परंतु तिचा एक लाभ असा की कोणाचे चार विषय गळाले आणि कोणाचे सहा टिकले अशी तक्रार उद्भवत नाही.

पुष्कळ पालकांची अशी समजूत असते की पदविकेच्या वाटेने गेल्यास मुलाचे वर्ष वाया जाते. हिशेब मांडून पाहिला तर ती समजूत टिकत नाही. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून दहावीनंतर सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि थेट द्वितीय वर्षापासूनची तीन मिळूनही सहाच होतात. आणि दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याच्या हाती मधल्या टप्प्यावर, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, एक अशी सनद असते की जिच्यावर घरात अकस्मात अडचण आली तरी त्याला नोकरी मिळू शकते. बारावी होऊन प्रवेश परीक्षेत मागे पडलेल्या मुलाजवळ असे काहीच नसते. म्हणून माझे मत असे की पदविकाधारकाने महाविद्यालयाच्या दारात याचकासारखे उभे राहण्याचे कारण नाही. तीन वर्षांची कर्मशाळा, आरेखन आणि तोंडी परीक्षा पार करून आलेला तो विद्यार्थी आहे, आणि ज्या महाविद्यालयाला याची जाणीव आहे ते शोधून काढणे हाच त्याच्या निवडीचा मुख्य भाग होय.

आता प्रवेशाच्या रीतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार पदविकेत ४५ टक्के गुण, आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, मिळविणारा उमेदवार थेट द्वितीय वर्षासाठी पात्र ठरतो. महाराष्ट्रात हे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. त्यासाठी निराळी परीक्षा नसते, पदविकेच्या टक्केवारीवरच गुणवत्ता यादी लागते. जागा दोन प्रकारच्या असतात: मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के इतक्या अधिसंख्य जागा, आणि पहिल्या वर्षात ज्या रिक्त राहिल्या त्या. या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीत अधिसंख्य जागा सहाच होतात, आणि ज्या महाविद्यालयाचे पहिले वर्ष तुडुंब भरते तेथे रिक्त जागांची भर जवळजवळ पडत नाही. म्हणून बारावीच्या मुलाला ज्या महाविद्यालयात मध्यम गुणांवर जागा मिळाली, त्याच ठिकाणी पदविकाधारकाला नव्वदीच्या वरचे गुण असूनही ती मिळेलच असे नाही. उलटपक्षी, जेथे दुसऱ्या वर्षाच्या जागा भराभर रिकाम्या निघतात, तेथे त्या का रिकाम्या राहिल्या याची चौकशी केल्याशिवाय विकल्प भरू नये. विकल्पांच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर लिहिलेले महाविद्यालय वाट्याला आले की ते उमेदवारावर बंधनकारक होते. म्हणून पहिला विकल्प ‘बघू तरी’ म्हणून लिहिण्याची जी प्रथा मुलांत आहे ती धोक्याची आहे.

पट्ट्याच्या भूगोलाचा विचार तर फारच कमी होतो, आणि महाविद्यालय निवडताना तो सर्वांत आधी व्हावयास हवा. पिंपरी किंवा निगडीत राहणाऱ्याला १९९९ साली निघालेले व आता स्वायत्त असलेले पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पिंपरी व आकुर्डी येथील डी. वाय. पाटील संस्थांची महाविद्यालये ही घरची म्हणावी अशी आहेत. चाकण, मोशी, आळंदीच्या अंगाला राहणाऱ्याला आळंदीची एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग जवळ पडते. नाशिकच्या महामार्गाने राजगुरुनगर-मंचरकडच्या बाजूला गेले तर आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशी दोन्ही आहेत, आणि शहराच्या झगमगाटाने भारलेले विद्यार्थी या शासकीय महाविद्यालयाला विकल्पांच्या तळाशी का ढकलतात हे मला उमगत नाही, कारण तेथील शुल्क आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुण्याच्या मध्यभागी, शिवाजीनगरला, जे महाविद्यालय १८५४ साली लहानशा ‘इंजिनिअरिंग क्लास’च्या रूपाने सुरू झाले आणि २०२२ साली स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ बनले, ते सीओईपी तर सर्वांचेच स्वप्न. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. होऊन आलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच संस्थेतून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली होती. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात येऊन शिक्षण पुरे करण्याची परंपरा पुण्याला अशी जुनी आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून पिंपरीहून निघालेली मेट्रो शिवाजीनगरमार्गे सिव्हिल कोर्टापर्यंत जाऊ लागली, आणि पिंपरीच्या विद्यार्थ्याला शिवाजीनगर एकाएकी सुलभ झाले. चाकणच्या विद्यार्थ्याची स्थिती तशी नाही. नाशिक रस्त्यावरील आणि चाकण-तळेगाव रस्त्यावरील अवजड वाहनांच्या रांगांत पीएमपीच्या बसमध्ये उभे राहून ज्याची सकाळ जाते, त्याने दोन महाविद्यालयांच्या कटऑफमधील एखाद-दोन टक्क्यांच्या फरकासाठी रोजचे तीन तास रस्त्यावर घालवावेत असे मी त्याला सुचविणार नाही. पुढे ज्या गणिताचा उल्लेख करावयाचा आहे, त्याच्या अभ्यासाला लागणारे तास याच तासांतून निघावयाचे असतात.

शाखेची निवड हा दुसरा मोठा विषय. पदविका कोणत्याही अभियांत्रिकी शाखेची असली तरी पदवीला शाखा बदलता येते, आणि या सवलतीचा उपयोग गेली काही वर्षे मुख्यतः यंत्र शाखेतून संगणक शाखेत पळून जाण्यासाठी होत आहे. पळून जाणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. ज्याला खरोखरच प्रोग्रामिंगची गोडी लागली आहे, त्याने अवश्य जावे; परंतु ज्याने तीन वर्षे लेथ, मिलिंग, जिग व फिक्श्चर यांत घालविली, ज्याचे प्रशिक्षण भोसरीच्या एखाद्या टूलरूममध्ये झाले, त्याने केवळ हिंजवडीच्या पगाराच्या वार्ता ऐकून ते सारे टाकून द्यावे, आणि डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला बारावीपासून कोडिंग करीत आलेल्या मुलांच्या मागे मागे फरफटत जावे, यात मला शहाणपण दिसत नाही. चाकणच्या कारखान्यांत मोटार आता विजेवर चालू लागली आहे, यंत्रमानव वेल्डिंग करीत आहेत, आणि यंत्राबरोबर विद्युत व नियंत्रण जाणणाऱ्या माणसाची गरज वाढत आहे. मेकॅट्रॉनिक्स, रोबोटिक्स व ऑटोमेशन, अणुविद्युत व दूरसंचार या शाखा यंत्राच्या पदविकेला जोडून घेता येण्याजोग्या आहेत. शाखा आधी ठरवावी, महाविद्यालय मागाहून.

परंतु डीएसईच्या विद्यार्थ्याची खरी कसोटी निराळ्याच ठिकाणी लागते, आणि ती म्हणजे द्वितीय वर्षाचे गणित. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ज्याला विद्यार्थी ‘एम-थ्री’ म्हणतात, त्या विषयात रेषीय अवकल समीकरणे, लाप्लास व फूरिये रूपांतरे, सदिश कलनशास्त्र असे विषय असतात, आणि ते सारे पहिल्या वर्षी शिकविलेल्या एम-वन व एम-टू यांच्या पायावर उभे असतात. पदविकेतून आलेल्या विद्यार्थ्याने तो पाया घातलेलाच नसतो. त्याचे गणित पदविकेच्या आरंभीच्या सत्रांत संपून गेलेले असते, मधल्या काळात त्याने पुस्तकही उघडलेले नसते. त्यात भर अशी की प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की तो वर्गात येतो तेव्हा नियमित विद्यार्थ्यांचे तास सुरू होऊन आठवडे उलटलेले असतात. वर्गात बसलेले पंचावन्न जण एकमेकांना वर्षभर ओळखतात, हा मागाहून आलेला. प्राध्यापक ‘हे तुम्ही पहिल्या वर्षी केलेच आहे’ म्हणून पुढे सरकतात. आणि प्रात्यक्षिकात सर्वांना मागे टाकणारा हा विद्यार्थी पहिल्याच सत्रात बॅकलॉग घेऊन घरी जातो. चार वर्षे शिकणाऱ्याला एखाद्या वाईट सत्राची भरपाई करण्यास जो अवधी मिळतो, तो याच्याजवळ नसतो. दोष बुद्धीचा मुळीच नसतो. ज्यांनी पदविका प्रथम श्रेणीत, विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण केली अशीच ही मुले असतात.

म्हणून महाविद्यालय पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने व त्याच्या पालकांनी प्रयोगशाळांची चकचकीत फरशी पाहण्यात वेळ न दवडता तीन-चार गोष्टी विचाराव्यात: थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचा पूरक वर्ग भरतो काय, तो कोण घेतो आणि सायंकाळी बस सुटून गेल्यावर तर भरत नाही ना, गेल्या वर्षी डीएसईचे किती विद्यार्थी एकही विषय न राहता तिसऱ्या वर्षात गेले, आणि कॅम्पसमध्ये येणाऱ्या कंपन्या पदविकेचे गुण बारावीच्या गुणांच्या बरोबरीने धरतात काय. परिषदेच्या नियमांतही अशा विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकी, आरेखन यांचे पूरक अभ्यासक्रम असावेत असे सुचविलेले आहे. ते कागदावर आहेत की वर्गात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि या प्रश्नांची खरी उत्तरे कचेरीत न मिळता कँटीनमध्ये मिळतात. तेथे मागील वर्षी याच वाटेने आलेले विद्यार्थी बसलेले असतात, आणि त्यांच्यासारखा निःस्पृह सल्लागार दुसरा नाही. मानांकनाविषयीही एक सूचना: नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे; म्हणून ज्या शाखेत आपण जाणार त्या शाखेलाच एनबीएची मान्यता आहे काय आणि तिची मुदत संपलेली तर नाही ना, हे पाहून घ्यावे.

पैशाचा आणि कागदपत्रांचा भाग रूक्ष असला तरी त्यानेच पुष्कळांचे प्रवेश अडतात. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्याला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेखाली शिक्षणशुल्काचा अर्धा भाग परत मिळतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्त्याची योजना आहे. परंतु मुलींची ही माफी केंद्रीभूत फेरीतून झालेल्या प्रवेशालाच लागू असते, व्यवस्थापन कोट्याला नाही. आणि खासगी विद्यापीठे आपले प्रवेश आपणच करीत असल्यामुळे, तेथे कोणती सवलत लागू पडते हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. या पट्ट्यातील निम्मीअर्धी वस्ती मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून पोटासाठी आलेली. तेव्हा जात वैधता प्रमाणपत्रासाठी बीड, लातूर किंवा बुलढाण्याच्या समितीकडे मूळ गावचे दाखले व आजोबांच्या शाळेची नोंद घेऊन जावे लागते, त्यात महिने जातात, आणि उन्नत गटात नसल्याचा दाखला तर ३१ मार्चला कालबाह्य होतो. पदविकेच्या शेवटच्या सत्राच्या आरंभीच हे दप्तर गोळा करावयास बसावे. निकालानंतर तहसील कचेरीत रांग लावणाऱ्याला फेरीची मुदत थांबून राहत नाही.

घरची निकड असल्यामुळे पदविकेनंतर लगेच नोकरी धरणारे पुष्कळ आहेत. एके काळी टेल्को-बजाजच्या वसाहतींत रात्रपाळी करून आल्यावर दिवा लावून एएमआयईच्या परीक्षांची तयारी करणारे पदविकाधारक दिसत. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या त्या परीक्षेला पदवीची समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरतीच राहिली आणि ती वाट मिटली. तिच्या जागी परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. किमान एक वर्षाच्या पूर्णवेळ नोकरीचा अनुभव आणि महाविद्यालयापासून ठरावीक अंतराच्या आत कामाचे ठिकाण अशा तिच्या अटी आहेत. चाकणच्या कारखान्यात कायम झालेल्या तरुणाने नोकरी सोडण्याआधी आपल्या टापूतील कोणत्या महाविद्यालयाला ही परवानगी मिळाली आहे याचा शोध घ्यावा, आणि सेकंड शिफ्ट चुकवून तासाला जाऊ देण्यास आपला मॅनेजर राजी आहे काय, हेही तितक्याच गांभीर्याने विचारून पाहावे.

शेवटी एक विनंती महाविद्यालयांना आहे, आणि ती या पट्ट्यातील सर्वच महाविद्यालयांनी मनावर घ्यावी. पदविकाधारकांच्या अखेरच्या परीक्षा उन्हाळ्यात संपतात आणि दुसऱ्या वर्षाचे तास सुरू होईपर्यंत मध्ये कित्येक आठवडे रिकामे जातात. त्या आठवड्यांत, प्रवेश कोणाचा होणार याची वाट न पाहता, गणिताचा एक पूरक वर्ग परिसरातील सर्व पदविका विद्यार्थ्यांसाठी खुला करावा, आणि त्याचे वेळापत्रक विकल्पांचा अर्ज भरण्याच्या तारखेपूर्वी जाहीर करावे.